सगळ्यांना एकच उत्तर

लग्न मोडून मी हिंगोलीला माहेरी परत आले, तेव्हा बाबा मला एका शब्दानं काही बोलले नाहीत. माझी बॅग उचलून आत नेली. वाशिम रोडच्या बाजूच्या खोलीत टेबल लावून दिलं, इंटरनेटवाल्याच्या मागे लागून वायर ओढून घेतली, लाइट गेली तर माझं काम अडू नये म्हणून इन्व्हर्टर बसवला. सगळं केलं. फक्त माझ्याकडे बघणं सोडलं. मी समोर बसून बोलायला लागले की ते मान वळवायचे, कधी खिडकीकडे, कधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. ऐकायचे सगळं, हुंकारही द्यायचे, पण तोंड दुसरीकडे.

मला ते फार लागायचं. मी तशी तोंडाळ आहे, कुणाचं ऐकून घेत नाही, सासरी तर मुळीच घेतलं नाही. पण हे मात्र मुकाट गिळत होते. म्हटलं, बापाला लेकीची लाज वाटत असेल तर वाटो, निदान बोलून तरी दाखवत नाहीत. तरी रोज जेवायला बसताना मनात एकच असायचं, की आज या माणसानं माझ्याकडे सरळ बघून दोन शब्द बोलावेत. एवढं झालं असतं तर मला बाकी काही नको होतं.

बाबा मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळद पारखायचे. एका आडत दुकानात त्यांची जागा ठरलेली, दाराशेजारी, गोणपाटावर. हंगामात ट्रॅक्टरच्या रांगा लागायच्या. बोली सुरू होण्याआधी शेतकरी आपल्या पोत्यातलं मूठभर हळकुंडं घेऊन त्यांच्यासमोर बसायचा आणि विचारायचा, "दादा, कशी हाये?" बाबा एक हळकुंड उचलायचे, कानाजवळ नेऊन मोडायचे. शिजवून नीट वाळवली असेल तर आवाज कोरडा येतो. मग वास घ्यायचे आणि शेवटी मोडलेल्या तोंडाचा रंग बघायचे. उजळ, मध्यम की फिकी, तिन्हींतला एक शब्द. तो शब्द ऐकून शेठ ढीग कुठे लावायचा ते ठरवायचे आणि खरेदीदारही त्या शब्दावरच पुढे बोलायचे. आयुष्यभर हे काम केल्यामुळे बाबांची बोटं कायमची पिवळी. साबणानं जायची नाहीत. लहानपणी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर त्यांच्या सहीशेजारी नेहमी एक पिवळा ठसा असायचा, आणि मला त्याची लाज वाटायची नाही, उलट ऐट वाटायची.

माझं काम काय, हे आमच्या गल्लीत कुणाला कळलेलं नाही. आकाशाशी संबंध आहे एवढंच कळलं, तेवढ्यावर शेजारच्या काकू एकदा पुतणीची पत्रिका घेऊन आल्या. आमच्या घरात पत्रिका माझ्या आज्याच्या काळापासून बंद. मी त्यांना सांगितलं की काकू, मला मंगळ दिसतो पण तो कुणाच्या लग्नात लुडबुड करताना दिसत नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

तर काम असं. आकाशात दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह, अगणित. एखादी आपल्यापासून किती लांब आहे हे कळायला तिच्या प्रकाशाचे रंग सुटे करून बघावे लागतात. जितकी लांब, तितका तिचा प्रकाश लाल बाजूला सरकलेला. याला रेडशिफ्ट म्हणतात. पुस्तकात ताम्रसृती असा शब्द आहे, पण तो मी परीक्षेपुरताच लिहिला. हे नीट मोजायला दुर्बिणीला एकेका दीर्घिकेकडे बराच वेळ टक लावून बसावं लागतं आणि सगळ्यांसाठी एवढा वेळ कुणाकडेच नसतो. म्हणून सोपी वाट काढली आहे. वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून फोटो घ्यायचे आणि कोणत्या रंगात किती उजेड दिसतो त्यावरून अंतराचा अंदाज बांधायचा. असा अंदाज बांधायच्या पद्धती पुष्कळ आहेत. ज्यानं त्यानं आपापली काढलेली आणि ज्याला त्याला आपलीच खरी वाटणारी.

आमचं सॉफ्टवेअर या पद्धतींची परीक्षा घेतं. आधी कॉम्प्युटरवर एक खोटं आकाश रचायचं, ज्यातल्या प्रत्येक दीर्घिकेचं खरं अंतर आपल्याला माहीत आहे. मग ते आकाश मुद्दाम बिघडवायचं, म्हणजे धूसर करायचं, अंधूक दीर्घिका गाळून टाकायच्या, खऱ्या दुर्बिणीतून दिसेल तसं करायचं. उत्तरं लपवायची, सगळ्यांना एकच पेपर द्यायचा आणि शेवटी ताडून बघायचं. उत्तर म्हणून नुसता आकडा चालत नाही. बहुधा इथे असेल, पण तिथेही असू शकेल, असं सगळं मांडून द्यावं लागतं. ज्या पद्धतीला खात्री नाही तिनं तसं सांगावं, त्याचे गुण जात नाहीत. खोटी खात्री दाखवली तर जातात. आणि हे सगळं ओपन सोर्स, म्हणजे उघडं आणि फुकट. जगात कुणीही आमचा कोड वाचावा, चूक काढावी, दुरुस्ती पाठवावी. मी वाशिम रोडच्या खोलीत बसून लिहिलेल्या ओळीत कोण कुठला माणूस चूक काढतो आणि वर आभारही मानतो. संसारात असं कुणी केलं नाही.

या सॉफ्टवेअरमध्ये एक पद्धत मुद्दाम घातलेली आहे. ती दीर्घिकेकडे बघतच नाही. सरावाच्या वेळी एकदा सगळ्या गर्दीवरून नजर फिरवते, बहुतेक दीर्घिका कुठे असतात ते लक्षात ठेवते, आणि पुढे समोर कुणीही येवो, तेच एक उत्तर देते. गंमत अशी की काही मोजपट्ट्यांवर ही पद्धत चांगल्या हुशार पद्धतींच्याही वर येते, कारण एकूण गर्दीचं गणित तिचं अगदी बरोबर जुळतं. ती ठेवली आहे तीही त्यासाठीच. जी मोजपट्टी हिला पास करते, तिच्यावर एकटीवर विसंबू नये, हे सगळ्यांच्या ध्यानात राहावं म्हणून. या भागाची देखभाल माझ्याकडे आहे. मी तिला घरात आंधळी म्हणायचे. आज आंधळीनं पहिला नंबर काढला, असं म्हणत चहा प्यायला बाहेर यायचे.

एकदा जेवताना मी हे बाबांना सांगितलं. ऐकतील तेवढं ऐकतील म्हणून हळदीचा दाखला दिला.

"बाबा, समजा मोंढ्यात एक माणूस बसवला. हळद बघत न्हाई, काही न्हाई. कुणी बी आलं की म्हणते, मध्यम. तर काय व्हईल?"

बाबा खिडकीकडे तोंड करून हसले. "चालंल की. जास्त माल मध्यमच येते. त्याचं बराबरच निघंल."

"तेच तर!"

"मंग तुमी त्याला पकडलं कसं?"

मला कोण आनंद झाला. बाबांनी माझ्या कामाबद्दल आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी भाकरी बाजूला ठेवून हातवारे करत सांगायला लागले, की सगळ्यांची बेरीज करून तो सापडत नाही. त्याला वेगळे तेवढेच द्यायचे. सगळ्यात उजळ हळकुंड काढायचं, सगळ्यात फिकं काढायचं आणि एकामागोमाग एक त्याच्या हातात ठेवायचं. दोन्हीला तेच म्हणाला, तर समजायचं की हा बघतच नाही.

बाबांचा घास हातातच राहिला. "हुशार हायेत तुमची लोकं," ते म्हणाले. मग मायकडे पाणी मागितलं. तांब्या त्यांच्या ताटासमोरच होता. मायनं भांडं भरून त्यांच्या हातात दिलं.

माय त्या दिवसांत फार बोलायला लागली होती. दारात कुणी दिसलं की मोठ्यानं, "अहो, डोंगरकड्याचे मामा आले बरं का, संगं मामी बी हाये." रोज सकाळी बाबांबरोबर पिशवी घेऊन निघायची, म्हणे भाजी आणायला, आणि कितीदा तरी रिकामी पिशवी घेऊन परत यायची. मी चिडवायचे, की म्हातारपणी नवऱ्याला शाळेत सोडायला जाऊन राहिली काय. ती हसायची नाही. पौर्णिमेला विहारात गेलो की बाबा वंदना म्हणायचे, नेहमीसारखी खणखणीत, पुस्तक मांडीवर मिटलेलं. पण वंदना काय, सगळ्यांनाच पाठ असते. पुस्तक कोण उघडतं?

हंगाम सरत आला होता तेव्हाची गोष्ट. मोंढा बंद असलेला दिवस. दुपारी दारात एक बाई उभी. मायनं लगेच आवाज चढवला, "अहो, गोरेगावच्या ताई आल्या. हिरव्या लुगड्यातल्या. मागं मोंढ्यात हळद घेऊन आल्त्या बघा, ट्रॅक्टरवर एकल्याच होत्या, त्या."

बाई तर समोर उभी. बाबा समोर बसलेले. मग लुगड्याचा रंग कशाला सांगायचा? माझ्या मनात पहिल्यांदा काहीतरी हललं.

बाई जीपनं आली होती, उन्हातून. पाणी प्यायली आणि म्हणाली, "दादा, राग मानू नका. मी भांडाया आले न्हाई. तुमी माझ्या हळदीला मध्यम म्हणले. आमच्याकडं लोकं म्हणत होते उजळ हाये. पण तुमचा शबूद तो शबूद. तेवढं सांगा, कमी काय पडलं? पुढच्या साली सुधारीन."

तिनं पदराच्या गाठीतून दोन हळकुंडं काढून बाबांच्या हातात दिली. बाबांनी एक कानाशी नेऊन मोडलं. आवाज कोरडा, कडक. मी तिथून दोन हातांवर होते. मोडलेलं तोंड मला स्वच्छ दिसलं. गावरान अंड्याच्या बलकासारखा गडद, नारिंगीकडे झुकलेला रंग. मी हळद पारखत नाही, पण हळद पारखणाऱ्याच्या घरात वाढले. असा रंग बाबा पूर्वी घरी आणून आम्हाला मुद्दाम दाखवायचे.

बाबांनी वास घेतला. तुकडा डोळ्यांसमोर धरला, मान थोडी वळवली. "मध्यम हाये, बाई. वाईट न्हाई. शिजवताना जरा जास्ती शिजली असंल."

"व्हय," बाई लगेच म्हणाली. "तेच झालं असंल. चुलीजवळ माझंच ध्यान नव्हतं."

मी तिला सोडायला फाटकापर्यंत गेले. राहवेना. म्हटलं, "ताई, तुमची हळद चांगली हाये. उजळ हाये. म्या बघितली."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी मोंढ्यात बसता का?"

"न्हाई."

"मंग? दादा मध्यम म्हणले तर मध्यमच असंल." माझ्या दंडावर हात ठेवून हसली, अगदी मायेनं, आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागली.

मी आत आले. मायनं दळणासाठी हळद निवडून ठेवली होती. त्यातली वरून धड पण आतून पांढुरकी हळकुंडं तिनं एका वाटीत बाजूला काढलेली. मी त्यातलं एक उचललं आणि बाबांच्या हातावर ठेवलं. तेव्हा मी काहीच ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला. रोजचं कामच ते.

"हे बी त्या ताईचंच का?" बाबांनी विचारलं.

त्यांनी मोडलं. आत रंग म्हणावा असा नव्हताच, नुसतं लाकूड. वास घेतला. बराच वेळ तुकडा बोटांत फिरवत राहिले.

"मध्यम," ते म्हणाले.

आणि लगेच थांबले. अंगठा मोडलेल्या तोंडावरून पुन्हा फिरवला, पुन्हा नाकाशी नेलं. मग दोन्ही तुकडे त्यांनी हळूच पलंगावर ठेवले आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "पकडलंस त्या माणसाला."

मला रडू फुटलं. बाबा रडले नाहीत. माय दाराला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर नवल काहीच नव्हतं, नुसती सुटका होती. तिला सगळं माहीत होतं. ताटातली चटणी रोज त्याच जागी वाढणं, भाजीची रिकामी पिशवी, दारातूनच पाहुण्यांची वर्दी देणं. घरात ठाऊक नव्हतं ते फक्त मला, आणि तपासणीचा धंदा माझा.

"कवापासून?" मी विचारलं.

"लई दिस झाले. जिथं बघावं तिथं राख सांडल्यावानी दिसते. रंग तर न्हाईच कळत. पह्यले वाटलं शुगरनं व्हत असंल, जाईल. मंग गेलंच न्हाई."

"मंग सांगितलं काहून न्हाई? निदान शेठला तरी सांगायचं. दिसत न्हाई म्हणायचं."

"मोंढ्यात दिसत न्हाई म्हणलं की माणूस संपला, बाळा. आवाजावरून वाळलेली वली कळून राहिली होती. रंगाचं मध्यम म्हणून भागत होतं. कुणाची तक्रार न्हाई आली."

"आमच्यात चालतं, बाबा. खात्री न्हाई म्हणलं तर कुणी गुण कापत न्हाई."

"चालत असंल," ते म्हणाले. "तुमचं आभाळ लई लांब हाये. मोंढा जवळ हाये."

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डोळ्यांत औषध घालून, अंधारात बसवून, मशीनपुढे हनुवटी ठेवायला लावून डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले. शुगरनं पडदा खाल्ला होता. मधला भाग आधी गेला होता. गेलेलं परत येणार नव्हतं. इंजेक्शनं देऊन उरलेलं जेवढं टिकेल तेवढं टिकवायचं. बाईंनी मला पडद्याचा फोटो दाखवला, मी तो नुसता बघत राहिले. असल्या डागाळलेल्या फोटोंवर माझं पोट चालतं, पण हा मला वाचता येईना.

बाबांना बाहेर बसवून त्या मला समजावत होत्या. म्हणाल्या, "यांना समोरचं दिसत नाही, पण कडेचं थोडंफार दिसतं. अशी माणसं हळूहळू आपली आपणच शिकतात. जे बघायचं त्याच्याकडे सरळ बघत नाहीत. तोंड बाजूला फिरवतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. तुमच्या लक्षात आलं असेल ना घरी?"

मी मान हलवली. व्हय म्हटलं की न्हाई म्हटलं, आठवत नाही. बाहेरच्या बाकावर बाबा बसले होते. समोर कुणाचं तरी लेकरू खेळत होतं आणि बाबा भिंतीकडे तोंड करून हसत होते.

म्हणजे ते माझ्याकडे बघत होते. मी आल्या दिवसापासून. मी बोलायला लागले की खिडकीकडे मान वळवून ते उरलेल्या नजरेनं मला शोधायचे, आणि मी समोर बसून मनात त्यांच्यावर रुसायचे. परतीच्या बसमध्ये हे त्यांना सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही. त्यांचा हात हातात घेऊन बसले तेवढी.

बाबांनी शेठला स्वतः सांगितलं. मी आणि माय सोबत होतो. शेठ माणूस भला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काय दादा, तुमी बी! मी रोज बघतो की. तुमचा अंदाज बराबरच असते. माझं कधी नुकसान झालं का? बसा आपल्या जागी." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. बेरीज खरोखरच जुळत होती.

"शेठ, तुमचं न्हाई झालं," बाबा म्हणाले. "त्या गोरेगावच्या बाईचं झालं."

मग दोन दिवसांनी आम्ही जीपनं गोरेगावला गेलो. बाबांचा हट्टच होता. म्हणाले, मोंढ्यात तोंडानं सांगितलं, तर तोंडानंच मागं घ्यायचं. बाई अंगणात भांडी घासत होती. हात धुऊन धावत आली, खुर्ची आणली. बाबांनी उभ्या उभ्याच सांगितलं, की बाई, मला दिसत न्हाई. तुमची हळद मी बघितलीच न्हाई. ती उजळ होती. माझ्या लेकीनं बघितली.

तिची हळद केव्हाच मध्यमच्या ढिगात मिसळून, विकून, कुठल्या कुठे गेली होती. आता ती चिडणार, दोन शब्द बोलणार, म्हणून मी तयारी ठेवली होती. बाईनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "म्हंजे माझं शिजवणं बराबर होतं?"

"बराबर होतं," बाबा म्हणाले.

"म्या तर ठरवलं होतं, पुढच्या साली कमी शिजवीन." तिनं डोळे पुसले. "बरं झालं दादा, आले. न्हाई तर म्या चांगलं होतं ते बिघडवून बसले असते." मग चहा ठेवायला आत गेली, आणि आतूनच विचारलं, "पण मंग आता मोंढ्यात कोण सांगंल हो दादा?"

त्या दिवसापासून बाबा मोंढ्यात गेले नाहीत. हळूहळू त्यांच्या बोटांचा पिवळा रंग उतरला. आधी नखांवरून, मग पेरांवरून. खाली कसली तरी फिकट, अनोळखी कातडी निघाली. ते मला दिसायचं, त्यांना नाही. मी त्यांना सांगितलंही नाही.

तरी तो काळ, खरं सांगायचं तर, आमचा सगळ्यात चांगला काळ होता. मी संध्याकाळी काम आवरून त्यांच्यासमोर बसायचे आणि बोलायला लागायचे. ते खिडकीकडे तोंड फिरवायचे. आता मला त्या फिरवण्याचं कौतुक वाटायचं. मान वळली की मी खुर्चीत नीट होऊन बसायचे, पदर सारखा करायचे, फोटो काढून घेतल्यासारखी. शेजारच्या काकूंना दारातून वाटायचं की बापलेकीचं काहीतरी बिनसलंय. मायला विचारूनही गेल्या. माय आम्हाला म्हणाली, असू द्या, वाटू द्या त्यांना.

मी त्यांना सगळं सांगायचे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन काय आलं, कुणाची पद्धत कुठे फसली. त्या पद्धतीला मी आंधळी म्हणणं सोडून दिलं होतं. बाबांच्याच ते ध्यानात आलं. "तुझ्या त्या आंधळीचं काय झालं गं?" त्यांनीच विचारलं. "तिला काढून टाकू नका बरं. ती हाये म्हणून बाकीचे ध्यान देऊन बघतेत." एकदा मी सासरचंही सांगितलं, जे मायलाही सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर ते कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "आलीस ते बराबर केलंस. तू आलीस त्या दिवशी मी बघितलं होतं तुला. लई वाळली होतीस."

इंजेक्शनं चालूच होती. हिवाळ्यात एका डोळ्यात रक्त उतरलं. दुसऱ्याचं काय होईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खात्री नाही तर नाही म्हणाल्या, त्याबद्दल मी त्यांचे मनातून आभार मानले.

आता पुन्हा हंगाम आला आहे. वाशिम रोडनं हळदीचे ट्रॅक्टर जातात आणि वास घरात येतो. परवा संध्याकाळी मी नेहमीसारखी बाबांसमोर बसले. आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात एक तपासणी माझी आहे. आता वेगळ्या, सुट्या, गर्दीत न बसणाऱ्या दीर्घिकांना निराळं काढून प्रत्येक पद्धतीला विचारलं जातं. ते मी सांगत होते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की बाबांनी मान वळवलेली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून, चेहरा अगदी माझ्यासमोर, ते सरळ माझ्याकडे बघत होते. मी परत आले तेव्हा मला रोज हवं असायचं अगदी तसं.

"बाबा," मी म्हटलं, "तोंड फिरवा ना."

"काहून?"

"मी समोर हाये."

"ठाऊक हाये," ते म्हणाले. "आता कोन्या बी बाजूनं सारखंच हाये, बाळा. तू सांग. त्या सुट्या दीर्घिकांचं काय झालं?"

मी सांगायला लागले.